ताईबाईचं ताट

लोक म्हणतात, मशीनने माणसं खाल्ली. खाल्ली असतील. पण ताईबाईचा हात मशीनने नाही खाल्ला, मी खाल्ला. हे मी आता कोणाला भिऊन लपवत नाही. ज्याला तोंड वाकडं करायचं त्याने खुशाल करावं. माझी शाळा सातवीपर्यंत झालेली आहे, बोलायला मी कोणाच्या बापाला ऐकत नाही, आणि ऐकून घेणारं माणूस भेटलं की पहिल्यापासून सांगते.

जळगावला एमआयडीसीत पुखराज शेठची डाळ मिल आहे. तिथं आम्ही चौदा बाया तुरीची डाळ निवडायचो. बहुतेक सगळ्या मेहरूणच्या, सकाळी तलावाच्या कडेने रांगेनं चालत जायचो आणि रस्ताभर तोंडाचा पट्टा चालू. मिलमध्ये मागच्या शेडात गोल करून बसायचं, त्याला आम्ही फड म्हणायचो, पुढ्यात प्रत्येकीचं पत्र्याचं मोठं ताट, ताटात डाळ. डागी दाणा काढायचा, काळा काढायचा, साल राहिलेला काढायचा, खडा काढायचा. मी त्यांच्यातली मुकादमीण. अक्का म्हणायच्या मला. रागवायची मी खूप, पण माझ्या रागाला भीक घालणारी त्यांच्यात एकही नव्हती.

आमची एक रीत होती. ती कोणी घालून दिली, माहीत नाही, मी आले तेव्हापासून होती. आपलं ताट निवडून झालं की ते उजव्या हाताच्या बाईकडे सरकवायचं. तिनं त्यावरून एकदा नजर फिरवायची, राहिलेलं काढायचं, मगच ताट पोत्यात रिकामं करायचं. तुझ्या चुका मी काढल्या आणि माझ्या तिनं काढल्या, त्यात कोणी कोणाला बोलायचं नाही. बोललं तर ती बाई फडात बसायच्या लायकीची नाही, असं आम्ही मानायचो. एकोणीस वर्षांत आमच्या मिलची एक गोणी कधी परत आली नाही.

ताईबाई माझ्या डाव्या हाताला बसायची. पारोळ्याकडची, विधवा बाई, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. एकुलता एक पोरगा सुरतेला मागावर कामाला गेला तो तिकडचाच झाला, बायको-पोरं तिथंच. ही मेहरूणला एका खोलीत एकटी. साखरेचा आजार होता तिला. साखरेनं आधी डोळ्याला झापड आणली, मग डोळ्याचा पडदाच खाल्ला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, हे काही निघणारं नाही. दोन-तीन वर्षांत तिला माणसं ओळखू यायची ती आवाजावरून आणि चालीवरून.

मग ती डाळ कशी निवडायची? बोटांनी. खरं सांगते, खडा आणि मातीचं ढेकूळ तिच्याइतकं आमच्यातल्या कोणालाच सापडायचं नाही. साल राहिलेला दाणाही तिच्या बोटाला कळायचा. पण डाग काही बोटाला लागत नाही. डागी दाणा आणि चांगला दाणा हाताला सारखाच. तिचं ताट माझ्याकडे सरकलं की मी ते मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून निवडायची. सगळ्या बायांना माहीत होतं, शेठजींना मात्र कोणी कळू दिलं नव्हतं. ताईबाईलाही माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. पण रीत म्हणजे रीत.

एकदा तिला मी आमच्या अहिराणीत म्हटलं, "ताईबाई, घर बसी रहाय ना आते. पोऱ्या पैसा धाडस ना काही?"

ती म्हणाली, "घर मी काय करू, मंजुळा? भिताडनासंगे बोलू? आठे तुम्ही शेतस." मग हसून म्हणाली, "आन तू दिवसभर सगळ्यासले शिव्या देस, तेबी ऐकाले भेटस."

एवढंच तिचं मागणं होतं. भिंतीशी बोलायची वेळ येऊ नये.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात ती मशीन आली. ट्रकमधून उतरवायला क्रेन आणली होती. तिच्यासोबत पुण्याचे खांबेटे साहेब आले, वय असेल अठ्ठावीस-तीस, गोरे, चष्मा, बोलायला फार मऊ. त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं. वरून डाळ पडते, पडता पडता कॅमेरा एकेक दाणा बघतो, खराब दिसला की हवेचा झोत मारून तो बाजूला उडवतो. म्हणाले, "पण तिला अजून काही येत नाही. चांगलं काय, वाईट काय, हे तिला शिकवावं लागतं. मग ती स्वतः ठरवते. तिच्यात बुद्धी भरायची असते, कृत्रिम बुद्धी."

धुरपदाबाई पटकन म्हणाली, "मना मालकमां बी भरी देवा ना जराशी." सगळ्या खोखो हसल्या, साहेबही हसले.

शिकवायचं कोणी, तर मी. शेठजी म्हणाले, मंजुळाबाईसारखी नजर खानदेशात नाही. झालं! आमचं डोकं गेलं आभाळात. तीन आठवडे मी फडात बसलेच नाही. साहेबांनी मला खुर्ची दिली, खुर्ची! मी वाट्यांमधून दाणे वेगळे करायची, हा डाग पाण्याचा, हा किडीचा, हा भट्टीवर जळालेला, हा नुसता लालसर आहे पण चांगला आहे, याला मारू नका. ते वाटी वाटी मशीनला दाखवायचे आणि कॉम्प्युटरवर काही टिपायचे. "बाई, हा का घेतला? हा का टाकला?" असं विचारायचे. एकोणीस वर्षांत मला कोणी 'का' विचारलं नव्हतं. मला इतकं बरं वाटायचं की घरी जाऊन मी मालकाला पण त्या वाट्यांच्या गोष्टी सांगायची. काहीसुद्धा राखून ठेवलं नाही मी. शिकायला आलेल्याला अर्धं शिकवून पाठवणं आमच्यात पाप समजतात. माणूस असो की मशीन, मी काय भेद करणार होते?

ताईबाईनं त्या दिवसांत मला विचारलं होतं, "हाई मशीन शिकी गयी म्हंजे आपलं काय?"

मी म्हटलं, "आपलं काय व्हई? मशीनमांगे बी माणसं लागतसच. मी शे ना! मी जठे, तठे तू."

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरं काय.

मशीन शिकली. फार छान शिकली, खोटं का बोलू? आम्ही चौदा जणी दोन दिवसांत निवडायचो ते ती दुपारच्या जेवणाच्या आत निवडून मोकळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेठजींनी बोलावलं. पुखराज शेठ वाईट माणूस नाही, त्यांचा चेहराही उतरलेला होता. म्हणाले, "मंजुळाबाई, चौदा बाया आता ठेवता येणार नाहीत. मशीनला चार लागतात. तुम्ही तर आहातच. बाकी तीन कोण, ते मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. नात्यागोत्याचं कोणी म्हणायला नको. मशीनच ठरवेल."

मशीनच ठरवेल म्हणजे काय, तर परीक्षा. सगळ्या बायांना एकाच पोत्यातली सारखी डाळ द्यायची, अर्धा तास, एकटीनं निवडायची. भिंतीकडे तोंड करून. ताटात नावाची चिठ्ठी. मग ते ताट मशीनमध्ये ओतायचं, मशीन राहिलेल्या चुका मोजून सांगणार.

मी म्हटलं, "शेठजी, आमचं ताट एकटीचं नसतंच कधी."

खांबेटे साहेब म्हणाले, "बाई, तेच तर बघायचंय. एकटीची नजर किती आहे ते."

मी ताईबाईचं नाव काढायला तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार? तिला दिसत नाही, असं? ते सांगितलं की ती त्याच मिनिटाला घरी. गप्प बसले.

परीक्षेच्या दिवशी साहेब म्हणाले, बाई तुम्हीही एक ताट निवडा, म्हणजे नमुना राहील. मी निवडलं. डोळ्यांत तेल घालून निवडलं, आयुष्यात इतकं कधी निवडलं नसेल. कारण तोवर माझं ठरलेलं होतं. ताटं मशीनपाशी नेऊन ठेवायचं काम माझंच होतं. नेता नेता मी दोन चिठ्ठ्या बदलल्या. माझ्या ताटात ताईबाईची, ताईबाईच्या ताटात माझी. चोरी केल्यासारखं वाटलंच नाही मला. तिचं ताट मी रोज निवडत होते, आज जरा वेगळ्या पद्धतीनं निवडलं, एवढंच मनात आलं.

साहेबांनी एकेक ताट ओतलं आणि कागद काढला. धुरपदाबाई सतरा. लताबाई नऊ. भिकुबाई अकरा. अशी सगळ्यांची नावं. मंजुळाबाई एकसष्ट. ताईबाई दोन.

बायांना काय ते कळलं होतं, एकीनंही तोंड उघडलं नाही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमचे एकसष्ट? तुम्ही शिकवलंत हिला!"

"डोकं ठिकाणावर नव्हतं, साहेब," मी म्हटलं. "घरी जरा दुखणं आहे."

शेठजींनी तरीही मला ठेवलं, जुनी आहे म्हणून. लताबाई आणि भिकुबाई राहिल्या. आणि ताईबाई तर पहिली आली! तिचे हात धरून मी तिला गोल फिरवलं. ती आपली नुसती, "खरंच? मनाच का? खरंच?" असं विचारत राहिली. दहा जणी दुसऱ्या दिवशी हिशोब घेऊन गेल्या. जाताना धुरपदाबाई माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "भलतं चांगलं शिकाडं, अक्का, तू मशीनले." बाकी काही बोलली नाही. ती आता केळीच्या बागांमध्ये मजुरीला जाते, रस्त्यात दिसली तर दुसरीकडे बघते. मी तिला दोष देत नाही.

आता ऐका, पुढे काय झालं ते.

माझ्या मनात असं होतं की चौघी एका जागी बसू, मी तिच्या बाजूला राहीन, निभेल. कुठलं काय! मशीनच्या चार जागा चार दिशांना. लताबाई वर, डाळ ओतायच्या तोंडाशी. भिकुबाई चांगली डाळ पोत्यात भरायला. मी पोत्यांच्या शिलाईवर. आणि चौथी जागा काचेच्या खोलीत. मशीन जो खराब माल उडवते त्यात थोडे चांगले दाणेही उडतात. तो सगळा माल त्या खोलीतल्या पट्ट्यावरून चालत येतो, आणि त्यातले चांगले दाणे वेचून बाजूला काढायचे. पट्ट्याचा वेग मशीन ठरवते. माल साचला तर वेग वाढवते, वेचायचे राहिले तर घंटी वाजते, लाल दिवा लागतो. तिथं सगळ्यात चांगली नजर पाहिजे. साहेब म्हणाले, "ताईबाईंना द्या ती जागा. दोनच चुका!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी आडवी आले. म्हटलं, "साहेब, ती मला द्या. ताईबाई शिलाई करेल."

साहेब समजुतीनं म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुमचे एकसष्ट आले. मी काही माझ्या मनानं नाही करत."

खरं बोलले असते तर ताईबाई त्याच पावली सरळ मेहरूणच्या खोलीत गेली असती, भिंतीशी बोलायला. आणि चिठ्ठ्या बदलल्या म्हणून मीही गेले असते, ते वेगळंच. मी ताईबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "मी करसू. तू काळजी करू नको."

काचेच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून दार बंद. बाहेर कॉम्प्रेसर असा धडधडायचा की ओरडून नाव घेतलं तरी पलीकडे जायचं नाही. शिलाईच्या जागेवरून मला ती काचेतून दिसायची. ट्यूबलाइटखाली एकटी बसलेली, पट्ट्यावर दोन्ही हात पसरलेले, डाळ बोटांखालून चाललेली. अंदाजानं वेचायची बिचारी. फुटका दाणा, सालाचा दाणा बोटाला कळायचा, बाकी देवाच्या हवाली. घंटी वाजली की दचकायची. लाल दिवा तिला दिसायचा नाहीच, घंटी का वाजते हेही कळायचं नाही, नुसतं काहीतरी चुकलं एवढं कळायचं. मग ती घाईनं हात चालवायची आणि आणखी चुकायची. माल परत फिरून यायचा, साचायचा, पट्टा आणखी पळायचा. दर तासाला कागद निघायचा, त्यावर आकडे.

साहेब पहिले चार दिवस म्हणाले, नवीन आहे, सवय होईल. मशीन पण शिकायला वेळ घेतेच की.

जेवायला दार उघडायचं अर्धा तास. ताईबाई भाकरीचा एक तुकडा मोडायची आणि तसाच धरून बसायची. मी विचारायची, "खाय ना!" ती म्हणायची, "घंटी वाजनी का?" बंद असलेल्या मशीनची घंटी तिला ऐकू यायची. एक दिवस ओकली. पाचव्या-सहाव्या दिवशी तिनं मला सांगितलं, "मंजुळा, ते मशीन माले देखस. दिवसभर देखस. माले ते दखास नही, पण ते माले देखस." मला इतका संताप आला, कोणावर काढू समजेना. त्या खांबेट्यांवर काढावा, तर ते बिचारे तिला पाण्याची बाटली आणून द्यायचे. शेठजींवर काढावा, तर त्यांनी तिला पंखा लावून दिला. सगळे चांगले! सगळे चांगले वागत होते, आणि बाई डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

मी म्हटलं, "चल, सांगी देऊत शेठले. जे व्हई ते व्हई."

ती एकदम घाबरली. "नही नही. सांगू नको. मनी शपथ शे तुले. सोमवारपावत मना हात बठी जाई."

मला वाटलं, काम जाईल म्हणून घाबरते आहे. मी शपथ पाळली. आयुष्यात ज्या शपथा मोडायला पाहिजे होत्या त्या पाळल्या, आणि पाळायच्या त्या मोडल्या, असं माझं कपाळ.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास पट्ट्याच्या टोकाशी रोलरमध्ये डाळीचा गठ्ठा अडकला. नजर असलेल्या माणसानं बाजूचं लाल बटण दाबून पट्टा थांबवला असता. ताईबाईला घंटी ऐकू आली आणि रोलरचा घसघस आवाज ऐकू आला. ती आवाजाच्या दिशेनं गेली. मी गोणी शिवत होते. मान वर केली तेव्हा ती उभी होती, आणि रोलरवर वाकून बोटांनी तो गठ्ठा चाचपत होती, फडात ताटातला खडा शोधायची तशी. मी ओरडले. कॉम्प्रेसरच्या आवाजात माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. काचेपर्यंत पोचेतोवर तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला होता.

अंगठा राहिला. चार बोटं गेली. ती कशानं बघत होती, ते मी तुम्हाला सांगितलं आहे. बाकीच्यांना वाटलं बाईचा हात गेला. मला एकटीला माहीत होतं, तिचे डोळे गेले.

सरकारी दवाखान्यात शेठजी दोनदा आले. संत्री घेऊन आले, सायरबाई शेठाणीलाही आणलं. डॉक्टरचा, औषधाचा सगळा खर्च त्यांनी केला, ते खरं आहे. खाटेशी उभं राहून ते हळहळत म्हणाले, "इतकी चांगली नजर असलेली बाई! असं कसं झालं?" साहेब मान खाली घालून उभे होते. त्यांच्या कागदावर लिहिलेलं मी नंतर पाहिलं. पट्टा व्यवस्थित, घंटी वेळेवर, दिवा वेळेवर, बटण चालू स्थितीत. कामगाराची चूक.

ते गेल्यावर मी खाटेवर बसले. ताईबाई भिंतीकडे तोंड करून होती. मला वाटलं झोपली. मग तीच बोलली.

"मंजुळा, ते ताट तुनं व्हतं ना?"

मी म्हटलं, "हा."

"माले माहीत व्हतं."

"कधीपासून?"

"पहिलापासून. माले काय मनं ताट समजत नही का? दोन चुका! मी काय येडी शे?" ती हसली, हसताना तिला दुखलं असावं. "तू इतली खुश व्हतीस. माले धरीसन नाचनी. मंग मी काय बोलू?"

"मंग नंतर का नही बोलनी? त्या घंटीमां मरी राहिंतीस, तव्हय का नही बोलनी?"

"तुले काढी टाकं असतं ना, बाई. चिठ्ठ्या बदल्या म्हणीसन. तुना मालक दुखणाईत."

माझा नवरा धडधाकट आहे. दुखणं आहे, ही साहेबांना मारलेली थाप होती, ती शेडात सगळ्यांनी ऐकली होती. ताईबाईला ती खरी वाटली होती. ती मला वाचवायला गप्प बसली होती आणि मी तिला वाचवायला गप्प बसले होते. आठ दिवस. दोघी काचेच्या दोन बाजूंना. एक जरी बोलली असती तर हात वाचला असता.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "रडू नको." मग, जराही रागवून नाही, म्हणाली, "माले तव्हयच घर जाऊ देवानं व्हतं ना, मंजुळा."

तिचा पोरगा सुरतेहून आला आणि तिला घेऊन गेला. चांगला आहे पोरगा. पण नवरा-बायको दोघं सकाळी सातला कामावर जातात, पोरं शाळेत. दुसऱ्या मजल्यावरची खोली. बाहेरून कडी लावून जातात, आई जिन्यावरून पडू नये म्हणून. हे त्यानंच मला सांगितलं, काळजीनं.

ती गेली त्या दिवशी मी शेठजींच्या ऑफिसात गेले. साहेबही होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताईबाई आंधळी होती, परीक्षेतलं ताट माझं होतं, चिठ्ठ्या मी बदलल्या. मला काढा, पोलिसात द्या, काय करायचं ते करा. मला खरंच वाटत होतं कोणीतरी मला काहीतरी करावं.

शेठजींनी डोक्याला हात लावला. साहेब मात्र खुर्चीतून उठले. महिनाभरात त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

"म्हणजे एकसष्ट त्यांचे होते," ते म्हणाले, "आणि दोन तुमचे. म्हणजे मशीन चुकली नव्हती!"

"नाही साहेब," मी म्हटलं. "मशीन नाही चुकली."

"मला तेच कोडं पडलं होतं, बाई. इतकी चांगली शिकलेली मशीन, आणि तुमचे एकसष्ट कसे?" त्यांनी लगेच वहीत टिपून घेतलं. मग शेठजींना हळू आवाजात काही म्हणाले. शेठजी माझ्याकडे न बघता बोलले, "झालं ते झालं, मंजुळाबाई. आता ती जागा रिकामी आहे. दोन चुकांची नजर तुमची आहे, तर सोमवारपासून तुम्हीच बसा तिथं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. नाही म्हणून जायचं कुठं? धुरपदाबाईसोबत केळीच्या बागेत? ती मला शेजारी उभी करेल? जिथं माझं तोंड बघायला कोणी राजी नाही, तिथं मी कोणाला शिव्या देणार?

सोमवारी सकाळी मी काचेच्या खोलीत जाऊन बसले. भिकुबाईनं बाहेरून दार लावलं. आठ वाजता पट्टा सुरू झाला. माझ्याकडून एकही दाणा राहत नाही, घंटी वाजत नाही, साहेब म्हणतात असं काम कोणीच केलं नाही. दिवसभर मी एक शब्द बोलत नाही.